मोजणीपुरती माणसं

बंद घरात माणूस राहतो हे दाखवायला काय काय लागतं, ते त्या शिमग्यात मधलीवाडीला विचारावं. वर्षभर कुलूप असलेल्या दारांसमोर सडे पडले, रांगोळ्या उमटल्या. दोऱ्यांवर कोरेकरकरीत टॉवेल वाळत पडले, जे कोणी ओले केलेच नव्हते. विठूच्या घराला तीन वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. तिथे पडवीच्या खांबाला एक कोंबडा बांधून ठेवला होता, म्हणजे घराला राबता आहे असं वाटावं. कोंबडा शेजारच्या बाबूचा. वेदिका रोज अंगणवाडीला बाबूच्याच अंगणातून जायची, त्यामुळे तिला बघून तो ओळखीने आरवला आणि विठूची बायको ओशाळली.

"बसा हो वयनी, पंखा लावतंय," असं म्हणून तिने बटण दाबलं. पंखा हलला नाही. मीटर काढून नेल्याला दोन शिमगे झाले होते, हे तिलाही तेव्हाच आठवलं.

वेदिकाने काही पाहिलंच नाही असं केलं. दिवसभर ती तेच करत होती. मतदार यादीचं काम अंगणवाडीच्या बाईच्या गळ्यात कोणी बांधलं देव जाणे, पण बांधलं खरं. सकाळी पोरांना खिचडी, मग त्यांची वजनं, मग घरोघर फिरून कोण हयात, कोण मयत, कोण स्थलांतरित आणि कोण दुबार. या चार शब्दांत अख्खं गाव बसतं, याची तिला पहिल्या वर्षी फार मौज वाटली होती. आता टाचा दुखत होत्या आणि मौज कधीच संपली होती. भरलेली माहिती पाठवायची तर मोबाइल घेऊन वरच्या कातळावर चढायचं, कारण रेंज तिथेच. तापलेल्या कातळावर उभं राहून ती फोन आभाळाकडे धरायची तेव्हा खालच्या वाडीतल्या बायका म्हणायच्या, बघा, सरकारला गाऱ्हाणं घालतेय.

तसं तिचं काम दरवर्षीचंच. पण या खेपेला दिल्लीत ते विधेयक आलं होतं. पास झालेलं नव्हतं, होईल की नाही तेही कोणाला ठाऊक नव्हतं. पण लवूने त्याची बातमी मुंबईहून वाडीच्या ग्रुपवर टाकली आणि वाडीची झोप उडाली. लवू म्हणजे तिच्या चुलत सासऱ्यांचा, केरूकाकांचा धाकटा. भांडुपला वाढला, एका वकिलाकडे टायपिंग करतो, म्हणून वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाचा तो कायदेपंडित. त्याने समजावलं ते इतकंच: देशभर मतदारसंघ नव्याने कापणार, आणि डोकी मोजून कापणार. जिथं डोकी कमी तिथला मतदारसंघ शेजारच्यात ढकलणार. आणि एका माणसाचं नाव एकाच जागी, जिथं तो वर्षाचा बराच काळ राहतो तिथं. रत्नागिरीकडची डोकी कमी का, हे सांगायला दिल्लीच्या माणसाची गरज नव्हती. डोकी मुंबईत होती, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली आखातात होती. गावात त्यांचे फोटो होते.

मग मंडळाने ठरवलं. या शिमग्याला झाडून सगळ्यांनी यायचं, पालखी घरोघर फिरून होईपर्यंत घरं उघडी ठेवायची, आणि वेदिकावहिनी यादी घेऊन येईल तेव्हा जो तो आपापल्या घरात बसलेला दिसला पाहिजे. देव दारात येतो तेव्हा जो हजर तो घरचा, हा वाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. सरकारचाही तोच असणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. वेदिका फोनवर दहादा सांगत होती की असं नसतं हो, मला राहतो कोण ते विचारायचं असतं, आलाय कोण ते नव्हे. पण घरच्या सुनेचं कायद्याचं ज्ञान कोण मनावर घेणार! आणि या सगळ्याचा पुढारी कोण, तर तिचे सासरे भागोजीतात्या. वाडीचे गावकर, देवाच्या कामात पहिला मान त्यांचा. आदल्या दिवशी पालखीसमोर गाऱ्हाणं घालताना त्यांनी नेहमीच्या रोगराई-पाऊसपाण्यानंतर मोजणीचंही मागणं घातलं होतं आणि सगळी वाडी "व्हय महाराजा" म्हणाली होती. ती एकटी गप्प होती.

वाडी संपली. राहिलं होतं एकच घर, तिचं स्वतःचं. ते तिने शेवटाला ठेवलं होतं. शेवटाला म्हणजे, जमलं तर कधीच नाही.

कारण त्या घरात पहिली अडचण होती तिचा नवराच. गुरुप्रसाद तुर्भ्याला औषधांच्या गोदामात कामाला, राहायला नालासोपाऱ्याला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. बाकी वर्षभर फोनवर. तिने खरं लिहिलं तर त्याचं नाव घरातून जाणार, काकांचं जाणार, लवूचं जाणार, आणि वाडीतली अशीच अर्धीअधिक नावं गेली की शाळेतलं मतदान केंद्रही जाणार. खोटं लिहिलं तर खाली सही तिची. तहसीलला झालेल्या बैठकीत साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं, "बाई, खोट्या नोंदीला जबाबदार तुम्ही. नोकरीचा प्रश्न आहे." आणि तात्यांनी आठ दिवसांत तिच्याशी दुसरा विषय काढला नव्हता.

ती अंगणात आली तेव्हा सगळे पडवीतच होते. तात्या खुर्चीत. केरूकाका आणि लवू बाकावर, पायाशी बांधलेल्या पिशव्या. मंडळाची गाडी सांजेला सुटायची होती. सासूबाई जनी खाली पाट घेऊन ओले काजूगर सोलत होत्या. मुंबईच्या प्रत्येक पिशवीत काजूगर जायलाच हवेत, त्यामुळे सकाळपासून सोलून चिकाने त्यांचे हात काळे झाले होते. गुरुप्रसाद खांबाला टेकून मोबाइल बघत होता. रेंज नसताना तो काय बघायचा हे वेदिकाला कधी कळलं नव्हतं.

"झाली काय गो वाडी?" तात्यांनी विचारलं.

"झाली, तात्या."

"सगळे गावले ना घरात?"

"गावले."

"मग झाला तर! आता आपला तेवढा लिव आणि टाक पाटवून. सगळे हितंच रवतात."

वेदिका पायरीवर टेकली. उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. तात्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं, कारण तात्या लबाड नव्हते. ते मतदान केंद्र त्यांनी आणलं होतं. त्याच्या आधी मधलीवाडीला मत द्यायला खाडीपलीकडे होडीने जावं लागे. एका निवडणुकीत परत येताना ओहोटी लागली आणि होडी मध्येच रुतली. बायका गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत काठाला आल्या, आणि त्यांत जनी होती, पोटुशी. पलीकडच्या काठावर कोणीतरी हसलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्यानंतर तात्या रत्नागिरीला खेटे घालत राहिले, कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी वाडीच्या शाळेत पेटी आणली. पुढे मुलं नाहीत म्हणून शाळाही बंद पडली. आता ती फक्त मतदानाला उघडते. तात्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन ती झाडतात.

"तात्या," ती म्हणाली, "असं नाय लिवता येत."

"का नाय येत? बसलेत ना समोर? डोळ्यांनी दिसतायत ना?"

"सांजच्या गाडीने चाललेत ना?"

"जातील आणि येतील. माणूस रवतो एका जागी आणि असतो एका जागी, ता त्या दिल्लीवाल्यांला काय कळणार? तुला तरी कळायला हवा."

वाक्य ऐकायला मोठं छान होतं. पण गेली पंधरा वर्षं या असण्या-राहण्याच्या मधल्या जागेत झोपत, उठत, घर सारवत कोण आलं होतं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. वेदिकाला एकदम रडू यावं इतका थकवा आला. तिने यादीची पिशवी मांडीवर घेतली आणि उघडली नाही.

लवू मध्ये पडला. "वहिनी, अजून कायदा झालेला नाही. तोवर जुन्या नियमाने—"

"जुन्या नियमानेही दोन ठिकाणी नाव चालत नाही, लवू भावोजी. तुमचं भांडुपलाही आहे. तुम्हीच मागे सांगितलंत."

तेवढ्यात केरूकाकांचा फोन वाजला. पडवीच्या त्या एका कोपऱ्यात कधीमधी रेंज भरकटून यायची, तशी आली होती. काकांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावतात आणि सगळ्या जगाला ऐकवतात.

"केरूभाऊ, अरे आहात कुठे तुम्ही?" चाळीतल्या शेजाऱ्याचा आवाज आला. "मतदार यादीची बाई आज तिसऱ्यांदा येऊन गेली. आपल्या अख्ख्या मजल्याला कुलपं! मी म्हटलं शिमग्याला गेलेत. ती म्हणते, शेजाऱ्याचं तोंडी चालत नाही. तुमच्या नावापुढे 'आढळून आले नाहीत' असं लिहून नेलंय. आणि ऐका, गावाला दुसरं नाव आहे काय असंही विचारत होती..."

आवाज तुटला. काका फोन कानाशी धरून तसेच बसले, जणू तो परत बोलेल.

जनींनी हातातला काजू खाली ठेवला. झालं काय ते सगळ्यांना एकदमच कळलं होतं. गावात मोजलं जावं म्हणून सगळी वाडी मुंबईची दारं बंद करून आली होती, आणि तिकडेही मोजणी चालली असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कायदेपंडिताच्याही नाही.

"दादा," काका म्हणाले, "चाळ पाडतायत. नवी खोली देतील, तर रवत असल्याचे पुरावे मागितलेत. त्यात यादीतला नाव हाय."

"मग? हितं हाय ना नाव?" तात्या म्हणाले, पण आवाजात मघाची धार नव्हती.

"हितल्या नावावर मना भांडुपला खोली देणार काय?"

"खोली नाय तर नाय. बापाचा घर हाय."

"बापाचा घर हाय रे दादा! पण सून, नातवंडा काय ह्या पडवीत ठेवू? त्यांची शाळा, ह्याचा काम, ता सगळा उचलून आणू?" काका उठून उभे राहिले आणि कुठे जायचं न कळून परत बसले. "तू बोलावलास म्हणून आलो. सगळे तुझ्या शब्दावर आले. मी म्हटला, दादा बोलवतो म्हणजे काय ता समजून बोलवतो."

"मी बोलावला? ह्या तुझ्या लवूने टाकला ना मोबाइलवर? एक मान्स एक जागा, मतदारसंघ कापणार, अमुक आणि तमुक!"

"मी बातमी टाकली, तात्या," लवू म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "देवाच्या वेळी मोजतील, असं मी नव्हतं म्हटलं."

"मग तेव्हा बोललास का नाय?"

"तुम्हाला कोण बोलणार?"

ते खरं होतं आणि म्हणूनच तात्यांना लागलं. ते खाडीकडे बघू लागले. लवू वेदिकाकडे वळून हळूच म्हणाला, "वहिनी, बाबांचं नाव इथून स्थलांतरित म्हणून गेलं, आणि तसा पुरावा मिळाला, तर तिकडे हरकत नोंदवताना दाखवता येईल. माझंही करा. आजच झालं तर बरं."

"आजच?" तात्या गर्रकन वळले. "केरू, तू सांग. हा नव्हे, तू सांग. वाटणीच्या वेळी तुला मी काजूची बाग देत होतो. खालचा मळा देत होतो. तू काय म्हणालास? मना काय नको दादा, फक्त ह्या घरात माजा नाव रवू दे. म्हणालास ना? ह्या उंबऱ्यावर बसून म्हणालास. आणि आज स्वताच्या तोंडाने सांगतोस, काड माजा नाव?"

काकांनी मान खाली घातली. सत्तरी गाठलेला माणूस, पण मोठ्या भावासमोर अजून शाळकरी पोरासारखा व्हायचा. वेदिकाला त्यांची दया आली आणि तात्यांचीही आली. तात्यांना आता एका निवडणुकीतली पेटी दिसत नव्हती, भाऊ दिसत होता, हे तिला कळत होतं. यादीतलं नाव आणि घरातलं नाव एक नव्हे, हे त्यांना समजावून सांगायचं त्राण मात्र तिच्यात नव्हतं.

सांगितलं ते सासूबाईंनी.

"भावोजींचा नाव काडा," जनी म्हणाल्या.

त्या तशा कमी बोलत. घरातले मोठे निर्णय त्यांनी कायम हातातलं काम करता करता ऐकले होते. म्हणून तात्यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुला काय कळता त्यातला?"

"मना चिखलातला कळता," त्या म्हणाल्या. "तुमी काठावर हुबे होतात. चिखलात मी होतंय. ता लोक हसला ता तुमच्या जिवाला लागला, म्हणून बूथ आणलात. बरा केलात. आजपर्यंत सुखाने मत दिला. पण आता सांगा, सगळी नावा खोटी ठेवलीत, आणि मी-तुमी गेलो, मग त्या शाळेत मत टाकणार कोण? ही एकटी?" त्यांनी काळ्या बोटाने वेदिकाकडे दाखवलं. "हिच्या एकटीसाठी पेटी आणणार सरकार? भावोजींचा घर तिकडं उभा रवता हाय, ता पाडू नका. ह्या घरातला नाव यादीत नसता. ता माज्या तोंडात हाय, मी मरेपर्यंत हाक मारतंय."

केरूकाकांनी उपरण्याने डोळे पुसले. तात्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं काही ती इतकी वर्षं दुसऱ्याच घरात राहत होती आणि आज पहिल्यांदा इथे आली. मग हाताने उडवून लावल्याची एक खूण केली. "लिवा. काय हवा ता लिवा. केरूचा लिव, लवूचा लिव."

वेदिकाने पिशवी उघडली. काकांची आणि लवूची नोंद केली, कुटुंबप्रमुख म्हणून तात्यांची सही घेतली. तात्या सही मोठ्या, सुट्या अक्षरांत करायचे. आज ती ओळ सोडून खाली उतरली.

आणि तिथेच सगळं निभावलं असतं, पण गुरुप्रसाद खांबापासून सुटला, बापाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, माझं मात्र इथंच राहू दे. माझं नाव कोणी काढायचं नाही."

बापाचा चेहरा उजळला. "बघ! बघ केरू! ह्याला म्हणतात घरचा मान्स."

आयत्या बिळावर नागोबा, असं वेदिकाच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पण राग काही कमी झाला नाही. तिला दुपारभर विठूच्या बायकोचा राग आला नव्हता, कोंबड्याचा आला नव्हता. या माणसाचा आला. दोन शब्दांत बापाला खूश करून तो सांजच्या गाडीने जाणार होता.

"तुमचं कसं राहील?" ती म्हणाली.

"का? माझं नाव तिकडे नाहीच आहे. दुबार नाही, काही नाही. एकच नाव, ते इथं."

"पण तुम्ही इथं नाही ना."

"अगं, कागदावर तरी राहू दे."

"कागदावर सही माझी असते, अहो."

"एक सही! एवढ्या मोठ्या देशात तुझी एक सही कोण बघायला बसलंय?"

"मी बसलेय," वेदिका म्हणाली.

तात्यांनी खुर्चीचा हात धरला. "सूनबाई, एक सांग. तू घरची हायस की सरकारची?"

लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत ते तिला इतकं लागेल असं कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते उमगलं असावं, पण शब्द सुटला होता. वेदिकाच्या तोंडाशी खूप काही आलं. तुमचं कमी मिठाचं, पथ्याचं जेवण कोण करतं, आईंना दवाखान्यात रत्नागिरीला कोण नेतं, पावसात कौलं कोण चढून बदलतं. त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. सगळं बोलून मग उठून स्वयंपाकही करायचाच होता.

"कोणाची ते माहीत नाही, तात्या," ती म्हणाली. "पण सकाळपासून वाडी फिरतेय. सरकारने तर विचारलं नाहीच, घरातनंही कोणी अजून चहा विचारला नाही."

जनी उठायला लागल्या, पण त्यांचे हात कोपरापर्यंत चिकाने भरलेले. "आई, तू बस," गुरुप्रसाद म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. "मी करतो. मी करून आणतो चहा सगळ्यांना." आणि तो लगबगीने आत गेला. मनाने वाईट नव्हताच तो. तसा असता तर वेदिकाला सगळंच सोपं गेलं असतं.

आत भांड्यांचा आवाज झाला. मग गॅस पेटल्याचा.

"अगं, चहापूड कुठंय?" त्याने आतून विचारलं.

"फळीवर. हिरवा डबा," वेदिकाने सांगितलं.

थोड्या वेळाने झाकणं उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग आणखी एक.

"आणि साखर?"

वेदिकाने तोंड उघडलं. जनींनी काळा हात वर करून तिला थांबवलं. त्यांचं लक्ष सुनेकडे नव्हतं, नवऱ्याकडे होतं.

कोणी उत्तर दिलं नाही. आत पुन्हा झाकणं वाजू लागली. हळद असेल, मीठ असेल, नाचणीचं पीठ असेल. घर तसं मोठं नव्हतं आणि स्वयंपाकघर तर त्याहून लहान. एकदा त्याने "अगं, ऐकतेयस ना?" असंही विचारलं. केरूकाका जमिनीकडे बघत होते. लवूने पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. तात्या एकेका झाकणाचा आवाज ऐकत राहिले. या घरात हा मुलगा जन्मला, याच पडवीत रांगला, त्याच्यासाठी ते कचेऱ्यांतून भांडले, आणि तो आत आपल्याच घरात पाहुण्यासारखा डबे चाचपत होता. ऐकवेना, तसे ते बाहेरच्या अंगणाकडे बघू लागले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"लिव गो," बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

"काय लिहू, तात्या?"

"तुला दिसता ता लिव." मग गाऱ्हाणं घालताना लावायचे तसल्या आवाजात, पण फार हळू: "माझा मुलगा हितं रवत नाय."

जनींनी पदराचं टोक तोंडाला लावलं. वेदिकाने लिहिलं. पंधरा वर्षं जे मनात लिहीत आली होती ते कागदावर लिहायला एवढा कमी वेळ लागला, याचंच तिला नवल वाटलं. आनंद होईल असं कधीतरी वाटलं होतं. झाला नाही. जिंकल्यासारखं तर मुळीच वाटलं नाही. तात्यांनी सही केली आणि पेन तिच्याकडे न देता बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"बूथ जायचा म्हणजे," ते म्हणाले.

"जायचाच असं नाही. वाडीतल्या बाकीच्यांचंही बघतील. वर कळवते मी, म्हाताऱ्या माणसांना खाडी ओलांडता येणार नाही म्हणून."

"कळव. माजा नाव घालून कळव." आणि मग, तिच्याकडे न बघता, "मगाशी बोललो ता मनावर घेव नको."

गुरुप्रसाद ट्रे घेऊन बाहेर आला. चहा सगळ्यांना दिला, बापाला पहिला. तात्यांना गोड चहाची सवय; दोन चमच्यांखाली ते कपाला हात लावत नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि "बरा झालाय," म्हणून कप तळापर्यंत रिकामा केला. ते बघून केरूकाकांनीही प्यायला. कोणी साखरेचं नाव काढलं नाही.

खाली रस्त्यावर मंडळाच्या गाडीने भोंगा दिला. पिशव्या उचलल्या गेल्या, काजूगर वाटले गेले. केरूकाका तात्यांच्या पाया पडले आणि तात्यांनी त्यांना उठवून नुसतं धरून ठेवलं. लवू वेदिकाला "वहिनी, मी फोन करतो" म्हणून पुढे झाला. गुरुप्रसाद मागे रेंगाळला. पायरीवर उघडीच पडलेली यादी त्याने वाचली होती.

"मग मी मत कुठं द्यायचं?" त्याने विचारलं.

"राहता तिथं."

"राहतो तिथं मला कोणी ओळखत नाही, वेदिका." तो हसला, पण ते हसणं काही नीट जमलं नाही. "समोरच्या दारातल्या माणसाला माझं नाव माहीत नाही. मी मेलो तरी मयत म्हणून सांगायला कोणी नाही तिथं. एवढं एकच नाव होतं गं माझं, इथलं."

हे त्याने याआधी कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तो कायम मजेत असायचा. वेदिकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. केस कानांवर पांढरे झाले होते, आणि सदऱ्याचं एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, त्याचं त्यानेच. या माणसावर रागावून राहायला लागणारी ताकदही आता आपल्यापाशी उरली नाही, असं तिला वाटलं. लिहिलेलं ती खोडणार नव्हती. ते खरं होतं.

गाडीने दुसरा भोंगा दिला. तो पिशवी उचलायला वाकला. वेदिकाने त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि खाली ठेवली.

"थांबू दे त्यांना वाईच," ती म्हणाली. "आत चला. साखर कुठं असते ते दाखवते."